ड्रिल की मिलिंग?

आठवडाभर कोड लिहिणारा माणूस शनिवार-रविवारी धातू का कापत बसतो, हे आमच्या घरच्यांना अजून समजलेलं नाही. असो.

दुर्बिणीचं स्टँड करायला घेतलंय, त्यासाठी मशीन हवं होतं. ड्रिल मशीन परवडतं, मिलिंग मशीनची किंमत ऐकून मी खालीच बसलो. मग वाटलं, फिरतं तर दोन्हीही! ड्रिलला एंड मिल लावायची, खाली सरकता व्हाइस बसवायचा, की झालं मिलिंग. मित्राच्या गाळ्यात करूनही पाहिलं. ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाच जेमतेम सुरू झाली आणि अख्खा चक, फिरत्या एंड मिलसकट, निसटून खाली पडला. हात व्हाइसच्या हँडलवर होता. बोटं थोडक्यात वाचली.

घरी येऊन ह्या मशीन्सचा इतिहास वाचत बसलो. (हे आधी करायला हवं होतं, मान्य!)

गोष्ट अमेरिकेतली, यादवी युद्धाच्या काळातली. प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत सैन्यासाठी मस्केट बंदुका बनत होत्या. बंदुकीच्या निपलमध्ये बारीक भोक पाडायला पिळाचे ड्रिल लागत, आणि त्या ड्रिलच्या खाचा कामगार गोल कानशीने हातानं घासून काढत. कंपनीचे सुपरिंटेंडेंट फ्रेडरिक होव हे दुखणं घेऊन जोसेफ ब्राउनकडे गेले. ब्राउननं युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं. त्याचं टेबल तिरकं करता येई, आणि ते पुढे सरकताना गिअरमुळे त्यावरची सळई आपोआप गोल फिरे. कटर जागेवरच, खाच मात्र पिळदार! मार्च १८६२ मध्ये पहिलं मशीन प्रॉव्हिडन्स टूललाच गेलं.

म्हणजे हे मशीन जन्मलं ते चांगले ड्रिल करण्यासाठी!

पुढच्याच वर्षी, १८६३ साली, स्टीफन मोर्सला पिळाच्या ड्रिलचं पेटंट मिळालं. ड्रिल मशीनमध्ये चक ज्या निमुळत्या दांड्यावर बसतो तो 'मोर्स टेपर' ह्याच्याच नावाचा. माझी चूक नेमकी इथे होती. हा टेपर नुसत्या घर्षणावर धरून राहतो. भोक पाडताना जोर सरळ वर येतो आणि टेपर आणखी घट्ट बसतो. खाच पाडताना मात्र जोर आडवा येतो, त्यात थरथर, शिवाय एंड मिलचा पीळ स्वतःलाच खाली ओढतो. टेपर सुटणारच. म्हणून मिलिंग मशीनमध्ये कटर वरून लांब बोल्टनं आवळलेला असतो, आणि स्पिंडलचे बेअरिंगही आडवा जोर सोसतील असे असतात. जास्तीचे पैसे जातात ते ह्याच गोष्टींसाठी.

मिलिंग मशीनवर भोकं पाडता येतात, ड्रिलवर मिलिंग करता येत नाही. मग सरळ मिलिंगच घ्यावं? मी कागद घेऊन मोजलं. माझ्या स्टँडला चोवीस भोकं आहेत, आणि खाचा फक्त दोन.

ड्रिल मशीन घेतलं. दोन खाचा भोसरीतल्या एका मिलिंगवाल्याकडून करून आणणार आहे. आणि हो, चकमध्ये एंड मिल पुन्हा लावणार नाही. तुम्हीही लावू नका.