चर्चमध्ये गेल्याने जात जाते का?

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत कॅथलिक मिशन रुजले ते १८९२ साली, औरंगाबाद जिल्ह्यातील घोगरगावापासून. फ्रान्सलियन फादरांकडे गेलेली माणसे बहुतांश गावकुसाबाहेरची, म्हणजे आपलीच होती. देवळाची पायरी ज्यांना बंद, त्यांना चर्चमध्ये बसायला जागा मिळाली. रविवारची मिस्सा, नाताळ, मुलांना शाळा मिळाली. आज नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो.

गाव त्यांची जात विसरले नाही. चर्चमध्येही ती शिरली; २०१६ च्या दलितविषयक धोरणात भारतीय कॅथलिक बिशपांनीच ते मान्य केले. विसरले फक्त सरकार! १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. १९५६ साली शीख त्यात आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. त्यांना राखीव मतदारसंघ नाही, ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. धर्माची ही अट काढा, असे रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ सालीच सांगितले.

मित्रांनो, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्यालाही हेच ऐकवले गेले: धर्म बदललात, मग सवलती कशाला? केंद्राचे दार उघडायला ३४ वर्षे लागली. 'आपला वाटा कमी होईल' ही भीती असेल, तर लोकसंख्येनुसार टक्का वाढवून मागा. पण जे दार आपण लढून उघडले, ते शेजाऱ्याच्या तोंडावर लावणे बाबासाहेबांच्या विचारात बसत नाही.

जयभीम!