दिनविशेष : ७ ऑगस्ट
कोझिकोडचा विमान अपघात (२०२०)

७ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी भर पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान केरळातील कोझिकोडच्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरील, धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. विमानात १९० जण होते. कॅप्टन दीपक साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार यांच्यासह २१ जणांचा मृत्यू झाला.

८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. पाठीमागून वारा होता. त्याआधी उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. पण २०२१च्या चौकशी अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग कॉकपिटमधील संवादाचा आहे. सहवैमानिकाने आधी दबक्या, मोघम शब्दांत सावध केले, मग ‘गो अराउंड’ म्हणजे पुन्हा उड्डाण घ्या, असे सांगितले. ते मानले गेले नाही आणि त्यानेही विमानाचा ताबा घेतला नाही. अनुभवी कॅप्टन आणि नवखा सहकारी यांच्यातील अधिकाराची दरी अहवालाने स्पष्टपणे नोंदवली. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी कॅप्टन कमी असल्याचा ताणही नोंदवला. म्हणूनच सारा दोष एका माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

वरिष्ठांना उलट बोलू नये, हे आपल्याला घरापासून शिकवले जाते. कॉकपिटमध्ये मात्र बोलणे हेच कर्तव्य. पनवेल तालुक्यात आता नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. इथून वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी हा अहवाल एकदा मुळातून वाचावा.