जात्याची घरघर कुणी टिपली?

रस्त्यावरचे, यंत्रांचे, भांड्यांचे आवाज टिपून त्यातून संगीत रचण्याची कला पॅरिसमध्ये जन्मली, असं सर्रास लिहिलं जातं. पियर शेफर यांनी 1948 मध्ये रेल्वेच्या आवाजांवर रचना केली, हे खरंच. पण त्याच्या चार वर्षं आधी, 1944 मध्ये, कैरोतल्या हलीम अल-दाब या इजिप्शियन तरुणानं तारेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रात बायकांच्या ‘झार’ विधीतले आवाज टिपले होते. स्टुडिओत त्यांचं रूप पालटून त्यानं रचना बांधली. पण या कलेचा इतिहास सांगताना त्याचं नाव क्वचितच निघतं.

आपल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात असं वाद्य घरोघरी होतं, ते म्हणजे जातं. पाथरवटानं नुकतीच टाकी लावली असेल तर ते खरखरतं, झिजलं की घुमतं. बाजरीची मूठ पडली की आवाज जड होतो, दाणे संपत आले की हलका. त्यावर काकणांची किणकिण आणि ओवी. माझी दादी इंदापूर तालुक्यातली. घरात बोलणं दखनी, पण खुंट्याला हात लागला की ओवी मराठीतच यायची. तिच्या ओवीत विठोबा असायचा, माहेरचा भाऊ असायचा आणि इंदापूरच्या चाँदशाहवलींचा उरूसही. ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ असं आम्हाला आजही विचारतात. काय सांगणार!

या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यात राहून केलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं. बेल यांचं त्याआधीचं काम म्हणजे तबल्याचे कायदे संगणकाला शिकवणं, आणि त्यात जाणकार म्हणून लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ. ओव्यांच्या संग्रहात इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकीही आहे. 2017 पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर यातल्या ओव्या कुणालाही ऐकता येतात. कागदावर उतरवलेल्या ओवीत जातं नसतं, ध्वनिमुद्रणात ते सापडतं.

दादी मात्र त्यात नाही. घरात टेपरेकॉर्डर होता. अब्बांनी त्यावर कव्वाल्या भरल्या, एका निकाहचा गलका भरला. दादीला ‘म्हण’ असं कुणी म्हटलं नाही. चक्की गावात आली, जातं भिंतीकडेला गेलं.

मागच्या उरुसाला फुफीनं त्याच्यावरचं पोतं काढलं. खुंटा हलत होता, तो चिंधी लावून बसवला. तिनं मूठभर ज्वारी घातली, मी मोबाईल चालू केला. पहिली ओळ तिला आठवली, दुसरी आठवेना. आमच्याकडच्या त्या चार मिनिटांत एकच ओळ आहे, बाकी नुसतं जातं.