गिरणी, मुलूख आणि सक्तीची वर्गणी

भारतातला सक्तीचा आरोग्य विमा सुरू झाला तो कारखान्यांच्या फाटकाशी, 1948च्या राज्य कामगार विमा कायद्याने. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापायची, मालकानेही भर घालायची आणि त्या निधीतून औषधपाणी व आजारपणातला भत्ता द्यायचा, अशी ही व्यवस्था. सक्ती करावी की नाही, हा वाद मात्र या कायद्याच्या आधी वीस वर्षे चालू होता.

1927 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आजारपणाच्या विम्याचा करार संमत केला. पुढच्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने तो इथे लागू करण्यास नकार दिला. दिलेली कारणे अशी: कामगार एका जागी टिकत नाही, तो वैद्य-हकिमाकडे जातो, पुरेसे डॉक्टर नाहीत आणि पगारातली सक्तीची कपात त्याला रुचणार नाही. यातले पहिले कारण मुंबईपुरते खरे होते. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला गिरणी कामगार आजारी पडला की मुलखाला जायचा. तिथे दोन घास मिळत आणि घरची माणसे शुश्रूषा करत. थोडक्यात, विमा होताच. त्याचा हप्ता गावाकडची शेती आणि घरातल्या बायका भरत होत्या. गिरणीचा नफा मुंबईत राही आणि खोकला कोकणात जाई. सरकारी कारणांच्या यादीत ही बाजू आलीच नाही.

खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेवरून त्याच सुमारास उभा राहिला होता. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा, पण तोवर मालकाने तो द्यायला हरकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला आणि सगळा खर्च मालकावर आला. या रचनेतच एक धोका होता. ज्या गिरणीत बायका जास्त, तिला भुर्दंड जास्त. मग मालकाला बाई कामावर न घेणेच स्वस्त वाटणार. सर्वांच्या वर्गणीतून निधी उभारला तर हा हिशेब बदलतो. सक्तीच्या विम्याच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद क्वचितच सापडेल.

1931 साली कामगारविषयक रॉयल कमिशनने आजारपणाच्या विम्याची गरज मान्य केली, पण दशकभर फारसे काही हलले नाही. मार्च 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे योजना आखण्याचे काम आले. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल ऑगस्ट 1944 मध्ये तयार झाला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांसाठी त्यांनी सक्तीची, वर्गणीवर चालणारी योजना सुचवली. ऐच्छिक विम्यात आजाराची धास्ती असलेलेच आधी येतात, धडधाकट बाहेर राहतात आणि निधी आटतो, हे जगभरचे अनुभव तेव्हा जाणकारांना माहीत होते.

1948च्या कायद्यात आजारपणाबरोबर बाळंतपण आणि कामावरची इजाही आली. दरमहा 400 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू झाला. रोजची सरासरी मजुरी एक रुपयाहून कमी असेल, तर कामगाराकडून वर्गणी घ्यायची नाही, ही तरतूद विशेष मोलाची. मग मालकांनी नवी अडचण मांडली: योजना आधी एका शहरात आली तर तिथला माल महागेल आणि दुसऱ्या शहरांचा धंदा वाढेल. म्हणून 1951च्या दुरुस्तीने देशभरच्या मालकांवर विशेष वर्गणी बसवली, योजना पोहोचली तिथे जास्त आणि इतरत्र कमी. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. दिल्लीतही त्याच वेळी सुरुवात झाली. दोन्हीकडचे मिळून सुमारे 1 लाख 20 हजार कामगार विम्यात आले.

मुंबईत योजना 1954 साली आली. इथे केवळ सरकारी दवाखान्यांवर भिस्त न ठेवता खासगी डॉक्टरांची यादी केली गेली. चाळीच्या नाक्यावरचा ओळखीचा डॉक्टर ‘पॅनेल डॉक्टर’ झाला, त्यामुळे योजना परकी वाटली नाही. तो आजारपणाचा दाखला देई आणि त्यावर भत्ता मिळे. दाखल्यावरून मालक-कामगारांत कुरबुरी होत, पण रजेतही चूल पेटती राहणे ही गिरणगावाला नवी गोष्ट होती. सुरुवातीला औषधोपचार फक्त कामगाराला मिळत. कुटुंबाला ते पुढे टप्प्याटप्प्याने लागू झाले. बदली कामगाराची मात्र कुचंबणा व्हायची. ठरावीक आठवड्यांची वर्गणी भरल्याशिवाय भत्ता नाही, आणि रोज फाटकावर उभे राहूनही काम मिळेलच असे नाही. सर्वांत असुरक्षित माणूस असा सर्वांत आधी सुटत होता, आणि हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही.

18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ढासळल्या तेव्हा तो दोष मोठ्या प्रमाणावर दिसला. विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की पगारातली कपात थांबे आणि काही काळाने उपचारांचा हक्कही सरे. तोवर गावाकडची शेतीही पूर्वीसारखा आधार देण्याजोगी राहिली नव्हती.

पुढे पगाराची मर्यादा वाढत जाऊन 2017 पासून ती महिना 21,000 रुपये झाली. जुलै 2019 पासून मालकाची वर्गणी 4.75 टक्क्यांवरून 3.25 टक्के आणि कामगाराची 1.75 वरून 0.75 टक्के झाली. 2018च्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांसाठी करातून पैसा देण्याचा वेगळा मार्ग घेतला. तिथे वर्गणी नाही आणि सक्तीही नाही. कामगार विम्यात मात्र मूळ चौकट कायम आहे: पगार 21,000च्या वर गेला, की चालू वर्गणीकाळ संपताच कामगार योजनेबाहेर पडतो.