नापासाची शिष्यवृत्ती : एका नियमाचा इतिहास

आपल्या समाजाच्या शिक्षणाचा जो इतिहास आपण सांगतो तो पास झालेल्यांचा इतिहास आहे. गावातला पहिला मॅट्रिक, तालुक्यातला पहिला पदवीधर, पहिला डॉक्टर, पहिला प्राध्यापक अशी ती नामावळी असते. तिच्यात माझेही नाव कुठेतरी खाली लागेल, कारण घरातला पहिला पदवीधर मीच. परंतु माझ्या आधी माझ्याच घरातला एकजण कॉलेजात गेला होता आणि नापास होऊन परत आला होता. तो माझा धाकटा चुलता. आम्ही त्याला तात्या म्हणतो. त्याची नोंद कोणत्याच नामावळीत नाही. हा लेख त्याच्यासारख्यांविषयी आणि ज्या एका नियमाने त्यांना परत पाठवले त्या नियमाविषयी आहे.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कशी आली हे या पानांच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले आणि उच्च शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून पैसा मागितला. १९४४ मध्ये शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रथम अनुसूचित जातींना आणि मागाहून जमातींना ती मिळू लागली. आज आपल्यातला जो कोणी शिकलेला आहे त्याच्या सहीत या शिष्यवृत्तीची शाई आहे. म्हणून तिच्यावर बोलताना जीभ जड होते. तरीही बोलले पाहिजे.

या योजनेच्या नियमावलीत शिष्यवृत्तीचे नूतनीकरण केव्हा होईल ते सांगणारी कलमे आहेत. विद्यार्थी वरच्या वर्गात गेला तर पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती चालू राहते, हे पहिले कलम. मग अपवाद येतात. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा पहिल्या गटातला विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला तर शिष्यवृत्ती पुन्हा देता येते. दुसऱ्यांदा नापास झाला तर पुढच्या वर्गात जाईपर्यंत त्याने आपला खर्च आपण सोसायचा. विद्यापीठाच्या नियमाने एखादा विषय राहूनही जो वरच्या वर्गात चढला, ज्याला आपली मुले 'एटीकेटी' म्हणतात, त्याला वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळते. आणि जो आजारामुळे किंवा अकल्पित घटनेमुळे परीक्षेलाच बसू शकला नाही, त्याला ती पुढच्या वर्षी मिळू शकते. त्यासाठी पुरावा लागतो, आणि शिवाय संस्थेच्या प्रमुखाने एक दाखला द्यावा लागतो : हा विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर पास झाला असता.

या दाखल्यापाशी मी नेहमी अडतो. न घडलेल्या गोष्टीची हमी प्राचार्याने द्यायची आहे. ती तो कोणाबद्दल देईल? ज्याला तो नावाने ओळखतो, जो पुढच्या बाकावर बसतो, ज्याचा बाप कॉलेजात येऊन साहेबांना भेटून जातो त्याच्याबद्दल. मागच्या बाकावरच्या, हजेरी अर्धी असलेल्या आणि तोंड न उघडणाऱ्या मुलाबद्दल 'हा पास झाला असता' असे छातीठोकपणे लिहून द्यायला किती प्राचार्यांची लेखणी उचलेल? याहून मोठा पेच असा की हे कलम फक्त न बसलेल्याचे आहे. अकल्पित घटना घडली आणि तरीही जो जाऊन परीक्षेला बसला, बसून नापास झाला, त्याला त्यात जागा नाही. तो नुसता नापास ठरतो, आणि बी.ए., बी.कॉम.चा नापास असेल तर पहिल्या अपयशाची माफीसुद्धा त्याच्यासाठी नाही.

आता किल्लारीला या.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, गणपती विसर्जित करून माणसे नुकतीच आडवी झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, औसा आणि उमरगा तालुक्यांच्या पट्ट्यात, अधिकृत हिशेबाने जवळपास आठ हजार माणसे मेली. बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचे माळवद अशी घरे जागच्या जागी बसली. कुडाच्या आणि पत्र्याच्या खोपटात निजलेले त्यामानाने वाचले, असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगतात. 'गरिबीनं वाचिवलं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे पुनर्वसन झाले तेव्हा घराचे माप जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावर जमीन असलेल्याला ७५०. धरणीने सर्वांना एकाच मापाने हलवले होते. माप शासनाने पुन्हा घालून दिले.

तात्या तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्या वर्षी आमचा सारा भाग औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाखाली होता, नांदेडचे विद्यापीठ व्हायला अजून वर्ष होते. म्हणजे ढिगाऱ्यातून माणसे काढणाऱ्या या पोराच्या डोक्यावर त्याच वर्षी दुसरेही आभाळ होते. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. सप्टेंबरात भूकंप, नोव्हेंबरात आत्मदहन, जानेवारीत नामविस्तार आणि उन्हाळ्यात परीक्षा. पाठ्यपुस्तके मातीत गेली होती, मार्कमेमो आणि जातीचा दाखला मातीत गेला होता. घर म्हणजे पत्र्याची शेड, आणि तीत आजी, माझे आईवडील, दोन आत्या. मी तेव्हा जेमतेम रांगत होतो. तात्या दिवसा मदतीच्या ट्रका उतरवायला जाई आणि रात्री कंदिलापाशी बसे. ज्याने त्याच्या हातात वही दिली तो त्याचा मित्र त्या रात्रीत गेला होता, हे त्याने मला फार उशिरा सांगितले.

तो परीक्षेला बसला. दोन पेपरांत गेला.

कॉलेज कोणते ते सांगण्यात अर्थ नाही, कोणतेही असते तरी खिडकीतून हेच उत्तर आले असते. नापासाला शिष्यवृत्ती नाही, फी भरून फेरप्रवेश घे. तात्याने भूकंपाचे सांगितले. खिडकीतल्या माणसाने पंचनाम्याची प्रत पाहिली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, तू गैरहजर असतास तर काहीतरी लिहून पाठवता आले असते. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याने नियम वाचला होता.

'बसलोच नसतो तर बरं झालं असतं,' तात्या आजही म्हणतो. पुढे तो मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेला, मग पुण्यात बांधकामावर. आता गुडघे गेले आहेत.

किल्लारी ही एक घटना झाली. पण वर्ष वाया जाण्याचा आपला इतिहास भूकंपापाशी सुरू होत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. ऑगस्टच्या आरंभी नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. कॉलेजे तेव्हा नुकतीच उघडली होती. जळालेल्या घरांतून जी मुले शिकत होती ती त्या वर्षी हजेरीपटावर कोणत्या रकान्यात पडली? आंदोलनाच्या इतिहासात आपण शहीद लिहिले, तुरुंग लिहिले, मोर्चे लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. त्या वर्षीचे निकालपत्रक मात्र आपण कोणी मागितले नाही. तेही पुराव्याचे कागद होते.

आणि ज्या वर्षी काहीच घडत नाही, ना दंगल ना भूकंप, त्या वर्षाचे काय? तिथे शिष्यवृत्तीच वर्ष खाते. पैसे यायचे ते परीक्षा झाल्यावर. तोवर खानावळीची थकबाकी, खोलीचे भाडे, पुस्तकांची उसनवारी. मुलगा कामाला लागतो, हजेरी घटते, प्रॅक्टिकल बुडते, विषय जातो. विषय गेला की उशिरा येणारी शिष्यवृत्तीही थांबते. मी स्वतः बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झालो. शिष्यवृत्ती गेली आणि वसतिगृहातली जागाही गेली. ते वर्ष मी लातूरला एका आडत दुकानात सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या लिहून काढले. मालक चांगला होता, परीक्षेच्या महिन्यात सुटी दिली. तात्याला असा मालक मिळाला नाही आणि मला मिळाला, एवढाच आम्हा दोघांच्या गुणवत्तेतला फरक आहे. आज मी वर्गात उभा राहतो आणि तो ओट्यावर बसतो.

येथे कोणी म्हणेल की बाबासाहेबांचाच भर विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर होता, मग पहिल्या गटाला झुकते माप दिले तर बिघडले कोठे? झुकते माप द्या, त्याला हरकत नाही. दरातही ते होतेच : २०१० च्या दरांत वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या गटाच्या विद्यार्थ्याला महिना १२०० रुपये होते आणि बी.ए.वाल्याला ५७०. प्रश्न अपयशाच्या माफीचा आहे. औशाच्या किंवा उमरग्याच्या खेड्यातून निघालेला मजुराचा मुलगा बहुधा बी.ए.लाच जातो, कारण त्याच्या गावापासून एस.टी.ने गाठता येणारे तेच असते. ज्याची तयारी सर्वांत कच्ची त्याने एकदाही घसरायचे नाही, हा न्याय उलटा आहे.

आणि बाबासाहेबांचाच दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. १९१३ साली बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले. पुढे लंडनला प्रवेश घेतला, पण १९१७ साली मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज एवढ्यावर १९२० साली ते पुन्हा गेले. १९२३ साली डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तोवर पैसा संपला होता. त्यांनी मुंबईला येऊन तो पुन्हा लिहिला, धाडला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली. परत आलेला प्रबंध हाती असताना खिसा रिकामा असणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल? हा प्रसंग आपण जिद्दीचा म्हणून सांगतो. तो पुन्हा मिळालेल्या संधीचाही आहे, आणि ती संधी त्यांना कर्ज काढून मिळवावी लागली.

आमच्या लातूरला तर एक वेगळाच धडा रोज गिरवला जातो. 'लातूर पॅटर्न'चे नाव सबंध महाराष्ट्रात झाले. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीनंतर एक वर्ष, कधी दोन वर्षे, पुन्हा तीच परीक्षा देणाऱ्यांच्या खास तुकड्या इथे चालतात. त्यांना रिपीटर बॅच म्हणतात, त्यांच्या मोठमोठ्या पाट्या रस्त्यावर लागतात आणि त्यांची फी भरायला माणसे शेत विकतात. वर्ष पुन्हा करणे ही तिथे लाज नाही, गुंतवणूक आहे. तेच वर्ष पैसेवाल्याने विकत घेतले तर तयारी, आणि आमच्या पोराने शासनाकडे मागितले तर नापासाचे लाड!

इंग्लंडमध्ये विद्यापीठाच्या फीसाठी शासन कर्ज देते. शिष्यवृत्ती नव्हे, कर्जच. तेव्हा त्याला भुलण्याचे कारण नाही. पण त्या कर्जाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अभ्यासक्रम जितक्या वर्षांचा, त्याहून एक वर्ष अधिक धरूनच विद्यार्थ्याचा हक्क मोजतात. ते जास्तीचे वर्ष का लागले म्हणून विचारत नाहीत. आजारपण, घरातला मृत्यू अशी सबळ कारणे दाखवली तर आणखी एक वर्ष मिळू शकते, आणि तिथे परीक्षेला बसला होता की नव्हता यावर सगळे अडत नाही. माणूस एकदा घसरतो हे त्या हिशेबात आधीच जमा आहे. 'पास झाला असता' असे कोणाकडून लिहून आणायला नको.

आपल्याकडे आता अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचे असतात आणि अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्याला पहिल्यांदा नापास झाल्यावरही निर्वाहभत्ता आणि परीक्षा फी मिळण्याची तरतूद तिथे आहे. दुसऱ्यांदा त्याच वर्गात नापास झाला की नाही. तात्याच्या काळाच्या मानाने हे पाऊल पुढचे आहे, ते नाकारू नये. मात्र अभियांत्रिकीत ज्याला 'वायडी' लागली तो विषय सुटेपर्यंत कोणत्याच वर्गात नसतो. ज्याचा प्रवेश नाही त्याचा अर्जच भरला जात नाही. नियमाने तो नापाससुद्धा नाही, तो कुठेच नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. घरी धाकट्यांना सांभाळायला कोणी नव्हते म्हणून कोयत्याबरोबर सगळेच गेले. ती दुसऱ्यांदा त्याच वर्गात होती. परीक्षेच्या चार दिवस आधी परतली आणि मला भेटायला आली. तिच्या हातांना उसाच्या पाचटाचे चरे होते. ती म्हणाली, सर, तयारी काही झाली नाही, पण बसते. मी नियम जाणतो. आजारपणाचा दाखला आण, बसू नकोस, पुढचे मी पाहतो, असे तिला सांगावे हे मनात येऊन गेले. त्या दाखल्यावर सही करणारे डॉक्टरही मला ठाऊक होते. मी तसे सांगितले नाही. ती बसली.

निकाल लागल्यावर तिच्यासाठी एक अर्ज मी स्वतः लिहिला. त्यात ऊसतोडीचे महिने लिहिले, मुकादमाच्या उचलीची रक्कम लिहिली, आणि भूकंपानंतरच्या तात्याच्या परीक्षेबद्दलही चार ओळी लिहून पुन्हा खोडल्या. अर्ज आठ दिवसांनी परत आला. त्यावर लाल शाईत एकच प्रश्न होता : विद्यार्थिनी परीक्षेस हजर होती काय?