वाराचं जेवण

परवा नातू कासारवाडीला आला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेलवर राहतो. दारातच मी बोलून गेलो, "काय रे, केवढं पोट सुटलंय!" तो जेवलाच नाही. रात्री दोनला मात्र स्वयंपाकघरात फरसाणाचा डबा घेऊन उभा. म्हणाला, "आजोबा, परीक्षेचं टेन्शन आलं की असंच होतं."

मला माझे वडील आठवले. १९३०च्या दशकात ते पुण्यात वार लावून शिकले. सात वार, सात घरं. तिसरी पोळी मागायची लाज वाटे, म्हणून अर्धपोटी उठत. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती. प्रश्न उपाशी पोटाचा होता.

तो आता संपला असं आपण समजतो. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कमी भरली, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. यात आयांच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाचा हात असावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पणजोबांच्या काळची भूक पणतवंडांच्या अंगात अजून असेल, आणि आम्ही नुसतं "कमी खा" म्हणणार!

वडिलांना ताटावर लाज वाटली ती परक्यांच्या घरी. नातवाला ती मी आपल्याच घरी दिली.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पानावर बसलो. पोटाचा विषय काढला नाही. नातलग मंडळी, तुम्हीही काढू नका. असो.