हेल्मेटच्या ब्लूटूथला फोनचा नकाशा कसा जोडायचा? रस्ता कानाने ऐका, नजर समोर ठेवा

रात्रीची वेळ, पाटणहून चिपळूणला निघालेली दुचाकी, पुढे कुंभार्ली घाट. पाहुण्यांच्या गावाचं वळण नेमकं कुठलं, हे ठाऊक नाही. मग कुणी हँडलला लावलेल्या फोनकडे खाली बघत गाडी चालवतो, तर कुणी फोन हेल्मेटच्या आत कानाजवळ कोंबतो. आपल्या भागात हे रोज दिसतं आणि दोन्ही प्रकार जीवावर बेतणारे आहेत.

साधा हिशोब करा. ताशी ५० च्या वेगात दुचाकी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, की ४२ मीटर अंतर न बघता कापलं जातं. उसाच्या हंगामात मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली समोर उभी असेल, तर एवढं अंतर पुरेसं आहे. म्हणूनच स्पीकर असलेलं ब्लूटूथ हेल्मेट उपयोगी पडतं. पण ते नीट जोडलेलं असेल तरच. अर्धवट जोडलेलं हेल्मेट उलट त्रास देतं, कारण चालू गाडीवर माणूस बटणं दाबत बसतो.

ही जोडणी घरी बसून दहा-पंधरा मिनिटांत होते. कशी, ते पाहूया.

आधी समजून घ्या: तीन वेगळ्या गोष्टी

‘नकाशा चालत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा तीनपैकी एक गोष्ट बिघडलेली असते.

१) उपग्रह: तुम्ही कुठे आहात, हे फोनला उपग्रहांच्या संदेशावरून कळतं. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपल्या इस्रोची ‘नाविक’ प्रणालीही आहे आणि काही फोन तिचाही वापर करतात. यासाठी इंटरनेट लागत नाही, वरचं आकाश मोकळं असलं की झालं.

२) नकाशा: रस्ते, गावं, वळणं ही माहिती. ही इंटरनेटवरून येते किंवा आधीच डाउनलोड करून ठेवता येते. घाटात रेंज गेली की अडतं ते इथे.

३) ब्लूटूथ: फोनमधला आवाज हेल्मेटपर्यंत पोचवणारा दुवा. यालाही इंटरनेट लागत नाही.

म्हणजे नकाशा आधी डाउनलोड केलेला असेल, तर रेंज नसतानाही हेल्मेटमध्ये रस्ता ऐकू येतो.

पायरी १: हेल्मेट फोनला जोडा

• हेल्मेट पूर्ण चार्ज करा. बॅटरी उतरलेली असली, की जोडणी मध्येच तुटते.
• हेल्मेट ‘पेअरिंग मोड’ला न्या. बहुतेक हेल्मेटमध्ये मुख्य बटण काही सेकंद दाबून धरलं, की लाल आणि निळा दिवा आलटून पालटून लुकलुकतो. कुठलं बटण किती वेळ दाबायचं, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं, त्यामुळे खोक्यातला कागद फेकू नका.
• फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ सुरू करा आणि ‘पेअर न्यू डिव्हाइस’ दाबा. यादीत हेल्मेटचं नाव आलं, की त्यावर बोट ठेवा.
• पिन मागितला तर बहुधा ०००० किंवा १२३४ चालतो.
• जोडणी झाल्यावर हेल्मेटच्या नावासमोरचं चाकाचं चिन्ह दाबा. तिथे ‘फोन कॉल्स’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन बटणं दिसतील. दोन्ही सुरू हवीत.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ब्लूटूथमध्ये फोनवरचं बोलणं एका वाटेने जातं आणि गाणी, नकाशाचा आवाज दुसऱ्या वाटेने जातो. त्यामुळे कॉल ऐकू येतो पण नकाशा गप्प राहतो, असं झालं तर बहुतेक वेळा ‘मीडिया ऑडिओ’ बंद असतं. दुकानात हेल्मेट परत न्यायच्या आधी हे तपासा.

पायरी २: नकाशाला बोलायला लावा

गुगल मॅप्स उघडा. उजवीकडे वर तुमचा गोल फोटो आहे, तो दाबा. सेटिंग्जमध्ये जाऊन नेव्हिगेशनचा भाग उघडा आणि एवढं करा:

• ब्लूटूथवरून आवाज ऐकवण्याचा पर्याय सुरू ठेवा.
• सूचनांचा आवाज ‘मोठा’ करा. वाऱ्यात साधा आवाज ऐकू येत नाही.
• आवाजाच्या भाषांची यादी बघा. त्यात मराठी दिसली तर ती निवडा, नाहीतर हिंदी ठेवा. इंग्रजी आवाज आपल्या गावांची नावं अशी उच्चारतो, की ऐकूनही कळत नाही.
• चाचणी आवाजाचं बटण दाबा. हेल्मेट डोक्यात घालूनच ऐका.

आता रस्ता सुरू करताना वाहनाच्या चिन्हांत दुचाकी निवडा. हा दुचाकीचा पर्याय गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आणला. त्यामुळे वेळेचा अंदाज दुचाकीच्या हिशोबाने मिळतो. मात्र अरुंद वाटा, शेतातले कच्चे रस्तेही तो दाखवू शकतो. पावसाळ्यात अशा वाटेवर गाडी घालण्याआधी गावातल्या माणसाला विचारा.

नकाशाच्या पडद्यावर स्पीकरचं छोटं चिन्ह असतं. त्यावर काट मारलेली असेल तर आवाज बंद आहे. कितीतरी जणांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो.

पायरी ३: रेंज जाण्याआधी नकाशा उतरवून घ्या

कुंभार्ली घाट असो, महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट असो किंवा बामणोलीकडचा भाग, डोंगरात रेंजचा भरवसा धरू नका. घरी वायफाय किंवा चांगलं नेट असताना मॅप्समधल्या तुमच्या फोटोवर दाबा, ‘ऑफलाइन मॅप्स’ उघडा आणि चौकोनात सगळा मार्ग बसेल असा भाग निवडून डाउनलोड करा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, निघायचं आणि पोचायचं ठिकाण दोन्ही त्या चौकोनात हवं. दोन, उतरवलेल्या नकाशात वाहतूक कोंडीची ताजी माहिती नसते आणि रस्ता चारचाकीच्या हिशोबाने मिळतो. जुना झालेला नकाशा रद्द होतो, म्हणून अधूनमधून अपडेट करत राहा. पूर्णपणे नेटशिवाय चालणारं ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे मोफत अॅपही आहे, त्यात राज्याचा नकाशा उतरवून ठेवता येतो.

आणखी एक अडचण आपल्याकडे नेहमीची. वडगाव, वाडी, खुर्द, बुद्रुक अशी एकाच नावाची गावं ठिकठिकाणी आहेत. नाव टाकून शोधलं, की नकाशा भलत्याच तालुक्यात नेऊन सोडतो. म्हणून ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांना व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवायला सांगा. त्यावर दाबून रस्ता सुरू केला, की घोळ होत नाही.

नेव्हिगेशनचं वेगळं यंत्र असेल तर

लांबच्या सफरी करणारे काही जण गार्मिन झुमो किंवा टॉमटॉम रायडरसारखं दुचाकीसाठी बनवलेलं यंत्र वापरतात. त्याच्या आतच नकाशा असतो, उन्हात पडदा दिसतो आणि हातमोजे घालूनही चालतं. पण इथे तीन वस्तू एकमेकांना जोडायच्या असतात: हेल्मेट, यंत्र आणि फोन. घोळ होतो तो यातच.

हेल्मेट आधीच फोनला जोडलेलं असेल, तर गाडी सुरू करताच फोन हेल्मेटला पकडतो आणि यंत्राला जागा मिळत नाही. सोपा उपाय असा:

१) फोनच्या ब्लूटूथ यादीत हेल्मेटच्या नावावर जाऊन ‘फॉरगेट’ करा.
२) फोन बाजूला ठेवून हेल्मेट यंत्राला जोडा.
३) मग फोन यंत्राला जोडा. आता कॉल फोनमधून यंत्राकडे आणि तिथून हेल्मेटमध्ये येतो.
४) तिन्ही वस्तू बंद करून पुन्हा सुरू करा आणि जोडणी आपोआप होते का ते पाहा.

महागड्या हेल्मेट संचांमध्ये फोन आणि यंत्र दोन्ही एकाच वेळी जोडता येतात. त्यात जीपीएससाठी किंवा दुसऱ्या फोनसाठी वेगळा पेअरिंगचा पर्याय असतो, तोच वापरा. रोजच्या तालुका-जिल्ह्याच्या येण्याजाण्यासाठी मात्र फोन पुरेसा आहे, वेगळ्या यंत्राचा खर्च करायची गरज नाही.

नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

सूचनेचा पहिला शब्द तुटतो: ‘डावीकडे वळा’ ऐकू येतं, पण किती मीटरवर ते हुकतं. आवाज नसताना ब्लूटूथ झोपेत जातं आणि जागं व्हायला क्षणभर लागतो. अगदी हळू आवाजात भजन किंवा गाणं सुरू ठेवा, वाट उघडी राहते.

आवाज बारीक येतो: स्पीकर कानाच्या भोकासमोर नसतो. दोन बोटं मागेपुढे सरकवलं तरी मोठा फरक पडतो. फोन आणि हेल्मेट, दोन्हींचा आवाज वेगवेगळा वाढवावा लागतो.

हेल्मेट जोडलं जात नाही: घरातल्या दुसऱ्या फोनला ते आधीच जोडलेलं असू शकतं. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा.

स्क्रीन बंद झाली की नकाशा थांबतो: फोनचा बॅटरी सेव्हर अॅप बंद करतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये मॅप्सला सूट द्या.

नकाशा चुकीचं वळण सांगतो: खोल दरीत किंवा महामार्गाच्या उड्डाणपुलाजवळ यंत्राला पूल आणि सर्व्हिस रोड यांतला फरक चटकन कळत नाही. अशा वेळी रस्त्यावरची पाटी खरी माना. वळण चुकलं तरी अचानक ब्रेक मारू नका, नकाशा पुढचा रस्ता काढतो.

हेल्मेट घेताना आणि स्पीकर बसवताना

हेल्मेटचं पहिलं काम डोकं वाचवणं आहे, गाणी ऐकवणं नाही. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघूनच घ्या. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला ही खूण बंधनकारक आहे. स्पीकर आहे पण खूण नाही, असं स्वस्त हेल्मेट घेऊ नका.

जुन्या हेल्मेटला बाहेरून स्पीकर संच बसवत असाल तर आतला थर्माकोल कापू नका आणि कवचाला भोक पाडू नका. धक्का शोषून घेतो तो हाच थर्माकोल. कानाजवळ आधीच खोलगट जागा असेल तिथेच स्पीकर चिकटवा. तशी जागा नसेल, तर ते हेल्मेट या कामाचं नाही.

पावसासाठी खोक्यावरचा आयपी क्रमांक पाहा. आयपी ६७ असेल तर धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. चार्जिंगचं तोंड ओलं असताना पिन लावू नका.

फोन शक्यतो खिशात किंवा टाकीवरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या इंजिनच्या दुचाकीच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अॅपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार हेल्मेट न घातल्यास १,००० रुपये दंड आणि ३ महिन्यांसाठी लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. जागेवर भरायची तडजोड रक्कम राज्य सरकार ठरवतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने करता येतो.

हेल्मेटमध्ये कॉल घेता येतो म्हणून घेतलाच पाहिजे असं नाही. घरचा फोन आला तर गाडी बाजूला घ्या, मग बोला. आवाजही इतकाच ठेवा, की मागच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

निघण्याआधी एक मिनिट

• फोन आणि हेल्मेट चार्ज आहे का?
• नकाशा डाउनलोड केला का? पोचायचं ठिकाण टाकून रस्ता सुरू केला का?
• पहिली सूचना हेल्मेटमध्ये ऐकू आली का?
• हेल्मेटचा पट्टा ‘टक्’ आवाज येईपर्यंत लावला का?

चारही उत्तरं ‘हो’ आली, की मगच किल्ली फिरवा. रस्त्यात काही बदलायचं असेल तर गाडी थांबवून बदला. अपघात दिसला किंवा मदत लागली, तर ११२ वर आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. ही माहिती घरातल्या आणि गावातल्या दुचाकीवाल्यांना जरूर पाठवा, विशेषतः जे अजूनही फोन हेल्मेटमध्ये कोंबून गाडी चालवतात त्यांना.